अडवलेली रक्कम सोडायची राहिली

मित्रांनो, दुकानात तुमच्या घरच्यांनी कार्ड पुढे केले, की काउंटरवरचे एक लहानसे मशीन चिरचिर करत कागद बाहेर टाकते. ते तुम्ही पाहिले असेल. त्यांच्यातलेच मी एक. आता माझ्या बटणांवरचे आकडे पुसले गेले आहेत, झाकणाला चिकटपट्टी लावलेली आहे, आणि बँकेच्या गोदामात एका खोक्यात माझ्यासारख्याच इतर मशीनांबरोबर मी पडून आहे. आम्हांला मोडीत काढणार आहेत असे कानावर आले आहे. त्याआधी मला तुम्हांला एका लॉजची हकीकत सांगायची आहे. ती सुखाची नाही. तरी ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब पट्ट्यावरून आम्ही सगळी पुढे सरकत होतो. एकाने कवच बसवले, दुसऱ्याने पडदा, तिसऱ्याने कार्डाची खाच. शेवटी एका बंद खोलीत माझ्या पोटात किल्ल्या घातल्या. किल्ल्या म्हणजे लोखंडाच्या नव्हेत, आकड्यांच्या. त्यांच्यामुळे मी बँकेशी जे बोलते ते वाटेत दुसऱ्या कोणाला समजत नाही.

लोकांना वाटते, कार्ड घातले की पैसे माझ्या पोटात येतात. तसे काही नाही. मी नुसते विचारणारे आहे. कार्ड आत आले, पिन दाबला, की मी दुकानदाराच्या बँकेला विचारते. ती मधल्या जाळ्याला विचारते. जाळे कार्ड ज्या बँकेचे आहे तिला जाऊन गाठते. ती बँक बघते, कार्ड खरे आहे का, पिन बरोबर आहे का, खात्यात तेवढे पैसे आहेत का. मग 'हो' किंवा 'नाही' आल्या वाटेने परत येते. 'हो' असेल तर सोबत एक मंजुरी क्रमांक येतो. तुम्ही एकदा श्वास घेऊन सोडाल तेवढ्यात हे सगळे होते. पण 'हो' म्हणजे पैसे नव्हेत. 'हो' म्हणजे बँकेने दिलेला शब्द. पैसे नंतर निघतात, दुकानदार दिवसाचा हिशेब मिटवायची कळ दाबतो तेव्हा.

मला एका लॉजवर नेमले गेले. समोर मोठे हॉस्पिटल, मध्ये रस्ता. आमच्याकडे सहलीला कोणी येत नसे. येत ते हॉस्पिटलमध्ये ज्यांचे माणूस आहे असे लोक. हातात एक्स-रेचे पाकीट, पिशवीत थर्मास, आणि डोळ्यांखाली काळे. काउंटरच्या मागे खोल्यांच्या चाव्यांची फळी होती. समोर बाक होता. त्या बाकावर लोक बसत, फोन कानाला लावत, आणि बहुतेक वेळा "अजून काही सांगितलं नाही" एवढेच बोलत.

लॉज नवरा-बायकोचे होते. नवऱ्याला सगळे मालक म्हणत आणि बायकोला मालकीणबाई. मालकांकडे नळ, गाद्या, दिवे, जिने. मालकीणबाईंकडे काउंटर आणि मी.

बँकेचा माणूस मला घेऊन आला तेव्हा त्याने दोन रीती शिकवल्या. एक साधी विक्री: पैसे घ्यायचे आणि मोकळे व्हायचे. दुसरी अडवणुकीची. तुमच्याकडे माणूस येतो, पण किती दिवस राहील ते त्यालाच माहीत नसते. अशा वेळी आल्या आल्या अंदाजाने एक रक्कम अडवायची. पैसे त्याच्याच खात्यात राहतात, फक्त त्याला ते खर्च करता येत नाहीत. तो निघाला, की जुना मंजुरी क्रमांक घालून, जेवढे झाले तेवढेच त्यातून घ्यायचे. म्हणजे उरलेली रक्कम सुटते. आणि घ्यायचे काहीच नसेल, तर सगळी सोडून द्यायची. त्याची वेगळी कळ आहे.

मालकीणबाईंनी दोन्ही रीती करून दाखवायला लावल्या, मग स्वतः केल्या, मग म्हणाल्या, "आणि सोडायचं विसरलं तर?"

"तर ती रक्कम तशीच अडकून राहते. त्यांची बँक सोडते कधीतरी, पण बरेच दिवस जातात," तो म्हणाला.

"आमच्या गिऱ्हाइकाला तेवढे दिवस नसतात," बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. अडवणुकीची पावती खोलीच्या हुकावर, चावीच्या जागी अडकवायची. माझ्या कागदावरची शाई उन्हाने उडते, आणि फळी खिडकीला लागून होती. म्हणून त्या पावतीच्या मागे मंजुरी क्रमांक पेनाने लिहून ठेवत. पाहुणा चावी द्यायला आला, की चावी हुकावर जाई आणि पावती खाली येई. ती माझ्यासमोर ठेवल्याशिवाय बाई कोणाला पायरी उतरू देत नसत. कोणाचे माणूस गेले आणि ते तसेच धावत निघाले, तर त्या मागे रस्त्यापर्यंत जात नसत. इथेच उभ्या राहून आधी कळ दाबत. म्हणत, "त्यांच्यामागे आता पुष्कळ लागणार आहे. आपलं तरी नको."

मालकांना त्या अधूनमधून हाक मारत. "अहो, हे एकदा बघून घ्या."

"तू आहेस ना. मी नळ बघतो, तू मशीन बघ."

"नळ तरी कुठे बघता? तीन नंबरचा गळून गळून तिथे डबकं झालंय. उद्या बदकं येतील."

"येऊ देत. त्यांचं पण भाडं लावू."

अशी त्यांची बोलणी. मी बरीच वर्षे ती ऐकली. मला वाटे, हे असेच चालायचे.

मग मालकीणबाईंना बसवेना. पाठ दुखते म्हणत होत्या. समोरच्याच हॉस्पिटलात त्यांना नेले. मालक रोज तिकडून येत, काउंटरवर बसत, परत तिकडे जात. त्या दिवसांत त्यांनी मला फार हात लावला नाही. आलेल्या पाहुण्यांना रोख मागत, नाहीतर शेजारच्या लॉजवर पाठवत. आणि बाईंशी त्यांचे बोलणे औषधांचे, तापाचे, जेवलीस का, एवढेच होत असावे. मशीनबद्दल विचारायचे ते दिवस नव्हते. आजारी माणसाला कोण विचारतो, की तुझ्यामागे हे कसे चालवू? विचारणे म्हणजे ती जाणार हे तिच्या तोंडावर सांगणे.

बाई गेल्या. मालक काही दिवसांनी काउंटरवर येऊन बसले. त्यांनी खुर्ची बदलली नाही, पण खुर्चीच्या पाठीवरची बाईंची शाल काढून आत ठेवली. मग मला पुढे ओढले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

त्यांना आठवत होते ते एवढे: माणूस आला की रक्कम अडवायची, आणि निघाला की पैसे घ्यायचे. ते दोन्ही करू लागले. पण निघताना जुना क्रमांक न घालता ते साधी विक्री करत. त्यांची समजूत अशी, की पैसे घेतले म्हणजे अडवलेले आपोआप सुटत असणार. पावती हुकावरून काढून साबणाच्या रिकाम्या डब्यात टाकत. मागे काही लिहीत नसत, कारण मागे काय लिहायचे असते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

मी मशीन आहे. जे दाबाल ते करते. विक्री दाबली, मी विक्री विचारली. 'हो' आले, मी छापले. अडवलेली रक्कम तिकडे तशीच अडकून होती. मला ते माहीत होते, पण जे विचारले नाही ते सांगायची सोय माझ्यात केलेली नाही.

कधी एखादा पाहुणा फोन करी. "अहो, तुमच्याकडे माझे पैसे दोनदा गेलेत."

मालक खाते बघत. खात्यात एकदाच आलेले असत. अडवलेली रक्कम मालकांच्या खात्यात यायचा प्रश्नच नव्हता. "मी एकदाच घेतलेत. तुमच्या बँकेला विचारा," ते सांगत. आणि ते खोटे बोलत नव्हते. फोनवरचा माणूसही खोटे बोलत नव्हता. मग थोड्या दिवसांनी रक्कम आपोआप सुटे, आणि तक्रार विरून जाई. त्यामुळे कोणाला काही कळले नाही.

आणि मग रंगारी आला.

घरांना रंग देणारा माणूस. नखांच्या कडांना पांढरा रंग कायमचा बसलेला. बरोबर बायको होती. तिला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दाखल करायचे होते, म्हणून पहिली रात्र दोघे इथेच राहणार होते. बाई बारीक झाली होती, पण बोलायला खमकी. खोली बघून खाली आली आणि बाकावर बसत नवऱ्याला म्हणाली, "भिंतीला पोपडे आलेत. तुम्हांला झोप लागायची नाही."

"मी डोळे मिटून झोपतो," रंगारी म्हणाला.

"रात्री उठून पत्रा घेऊन खरवडायला लागाल. मला माहीत आहे ना. लग्नात माझ्या बापाला म्हणाले, मांडव छान आहे, पण मागची भिंत दोन हात मागतेय."

मालक हसले. खुर्चीवर बसायला लागल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिले. "तुम्ही बऱ्या होऊन या, मग यांच्याकडूनच रंगवून घेतो," ते म्हणाले.

"भाव आधी ठरवा मात्र. हे ओळखीच्यांना फुकटच रंगवून देतात," ती म्हणाली.

मालकांनी रंगाऱ्याचे कार्ड घेतले आणि रक्कम अडवली.

तपासण्या लांबत गेल्या. बाई समोर हॉस्पिटलच्या वॉर्डात, रंगारी इकडे. जेवढ्या दिवसांची रक्कम अडवली ते दिवस संपले, की मालक नवी रक्कम अडवत. आधीची सोडत नसत. एकदा, मग परत एकदा. रंगारी कार्ड पुढे करी, पिन दाबी, आणि जिना चढून जाई. त्याचे खाते म्हणजे त्याने घरोघरी शिडीवर उभे राहून जमवलेले पैसे, आणि ते त्याने एकाच कामासाठी ठेवले होते, बायकोच्या ऑपरेशनसाठी.

एका सकाळी तो पिशवी भरून खाली आला. चेहऱ्यावर जरा तजेला होता. "आज करणार आहेत. मी आता तिकडेच झोपेन, वॉर्डाबाहेर. खोली सोडतो."

मालकांनी विक्री दाबली. पैसे घेतले. "चांगलं होईल," ते म्हणाले. "काही लागलं तर इकडे या."

तो थोड्याच वेळात परत आला. धावत आलेला होता. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"मालक, तिकडे माझं कार्ड चालत नाहीये. खात्यात तेवढे पैसे नाहीत म्हणतात. मी बँकेला फोन लावला. ते म्हणतात, पैसे तुमच्या लॉजनं धरून ठेवलेत."

"मी कशाला धरू? हे बघा, आज घेतले तेवढेच."

"मला ते काही माहीत नाही. पैसे भरले नाहीत तर ते तिला आत घेणार नाहीत. तिला रात्रीपासून पाणीसुद्धा दिलेलं नाही. तिला वाटतंय, आता नेणार."

मालकांनी बँकेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग गाणे. गाणे चालू असताना रंगारी दाराकडे बघत होता. अखेर एक मुलगी बोलली. मालकांनी सांगितले, ती म्हणाली, "सर, तुम्ही अडवणूक रद्द केलेली नाही. तीन आहेत. प्रत्येक पावतीवरचा मंजुरी क्रमांक घाला आणि रद्द करा."

"म्हणजे ती अजून आहेत?" मालक म्हणाले. "मला वाटलं, पैसे घेतले की सुटतात."

"नाही सर. ते वेगळं करावं लागतं."

मालकांनी साबणाचा डबा काउंटरवर उपडा केला. पावत्यांचा ढीग पडला. दोघे मिळून शोधू लागले. दोन सापडल्या. ती मुलगी एकेक कळ सांगत गेली, मालक दाबत गेले. घाईत एकदा चुकले, परत पहिल्यापासून करावे लागले. मी त्या दोन्ही सोडवल्या. तिसरी पावती सापडली, पण ती आठवडाभर खिडकीच्या उन्हात लटकलेली. कागद जवळजवळ कोरा झाला होता.

"काही दिसत नाही," मालक म्हणाले. चष्मा काढला, परत घातला. "ती मागे लिहायची. पेनानं. मी आत्ता... मागे लिहायची ती."

रंगाऱ्याने पावती त्यांच्या हातातून घेतली. खिडकीजवळ नेऊन तिरकी धरली. पांढऱ्यावर पांढरा रंग कुठे लागलाय आणि कुठे राहिलाय, हे ओळखण्यात त्याचा जन्म गेलेला. तो एकेक आकडा सांगत गेला. एकही चुकला नाही. तिसरी रक्कमही सुटली. मी 'मंजूर' असे छापले.

मालकांनी मला उचलले. मी लॉजबाहेर कधी पडले नव्हते. "चला," ते म्हणाले, "त्यांना ही पावती दाखवू." मला हातात धरून त्यांनी रस्ता ओलांडला. रंगारी पुढे पळत होता.

हॉस्पिटलच्या पैसे भरायच्या खिडकीत एक मशीन होते, माझ्याच घडणीचे. खिडकीतल्या बाईने रंगाऱ्याचे कार्ड परत घालून पाहिले. त्या मशीनने विचारले. उत्तर आले: नाही.

"हे बघा, मी सोडलेत," मालकांनी कागद काचेला लावला. "हे मशीनही आणलंय. इथे बघा, मंजूर."

"काका, ती तुमची पावती आहे," बाई म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "तुम्ही सोडायचा निरोप दिलात. यांची बँक तो निरोप मांडेल, तेव्हा पैसे मोकळे होणार. कधी लगेच होतं, कधी दुसऱ्या दिवशी. माझ्या मशीनला 'हो' आलं पाहिजे."

मालकांनी खिशातून स्वतःचे कार्ड काढले. "हे घ्या. यातून घ्या."

रंगारी म्हणाला, "मालक, नको."

"गप बसा," मालक म्हणाले.

त्या मशीनला 'हो' आले. पावती निघाली. बाईने वरती फोन लावला, ऐकले, आणि फोन खाली ठेवला. "यादी बदलली. तुमची जागा दुसऱ्या पेशंटला दिली, तो आत गेलाय. उद्या सकाळी पहिलं तुमचं."

"उद्या?" रंगारी म्हणाला.

"पहिलंच घेतील. मी लिहून ठेवलंय."

तो जिना चढून बायकोला सांगायला गेला. मालक मला पोटाशी धरून खिडकीसमोर उभे राहिले. मागच्या माणसाने "काका, सरका जरा" म्हटले तेव्हा हलले.

सकाळ झाली नाही तोच रंगाऱ्याची बायको गेली. मी ते पाहिले नाही. रंगारी त्याची रंगाची जुनी टोपी खोलीत राहिली होती ती न्यायला आला, तेव्हा त्याने सांगितले. मालकांनी विचारले नव्हते. त्याने आपणहून सांगितले, आणि बाकावर बसला, त्याच जागी.

"डॉक्टर म्हणाले, काल केलं असतं तरी काही सांगता येत नव्हतं," तो म्हणाला.

मालक उभेच होते. "पण केलं असतं," ते म्हणाले.

"हो. केलं असतं."

मग रंगाऱ्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून वाचला आणि वाचता यावा म्हणून मालकांपुढे धरला. बँकेचा संदेश होता. अडवलेली सगळी रक्कम मोकळी झाली होती.

त्याने फोन खिशात घातला. "तुम्ही भरलेले तुमच्या कार्डावर परत येतील. खिडकीतल्या बाईंनी सांगितलंय. विसरू नका बघायला." मग त्याने टोपी घडी करून पिशवीत ठेवली. दारात थांबला. "काल म्हणालात, ती मागे लिहायची. मालकीणबाई ना? कुठे असतात त्या?"

"ती गेली. झाले काही महिने."

"असं होय," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरला.

त्या दिवशी मालकांनी नवा पाहुणा घेतला नाही. डब्यातल्या पावत्या एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या आणि ज्या वाचता येत होत्या त्या सगळ्या रद्द करत गेले. बऱ्याच आपोआप सुटून गेल्या होत्या, मी तसे सांगत होते. तरी ते प्रत्येक पावती घालून बघत होते. शेवटी त्यांचे हात थांबले. ते उठले आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "अगं, एवढंच होतं का ते? मला पाच मिनिटांत आलं असतं."

पुढे त्यांना सगळे चांगले येऊ लागले. पावतीच्या मागे ते पेनाने क्रमांक लिहीत. पाहुणा चावी घेऊन उभा राहिला, की त्याला म्हणत, "थांबा, तुमचं मोकळं करतो." एकाही माणसाची रक्कम नंतर अडकली नाही. बँकेने नवी मशीने दिली तेव्हा मला परत नेले. मालकांनी मला पुसून दिले.

मित्रांनो, मशीन जुने झाले की नवे मिळते. त्याची काळजी घ्या म्हणून मी ही हकीकत सांगितली नाही. तुमच्या घरात कोणते ना कोणते काम एकाच माणसाला येत असेल. तो ते इतके सहज करतो, की ते काम आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. तो माणूस धडधाकट आहे, हसतो आहे, तुम्हांला चिडवतो आहे, तोवर त्याच्या शेजारी जाऊन बसा. 'मला दाखव' म्हणा. आणि त्याने दाखवले, की त्याच्यादेखत एकदा स्वतः करून बघा. चुकलात तर तो हसेल. त्याला हसू द्या.